पंचबाईंच्या नाकातली वाळी

श्रेयाच्या साखरपुड्यात तिच्या आईची, पद्मजाची, नथ दोनदा पडली. पहिल्यांदा ओटी भरताना. ती तिने तांदळातून हळूच उचलून परत नाकाला लावली, कुणाला पत्ता लागला नाही. दुसऱ्यांदा पडली ती विहीणबाईंची गळाभेट घेताना. या खेपेला नथ थेट विहीणबाईंच्या गजऱ्यात जाऊन अडकली आणि विहीणबाई अंबाड्यावर मोत्यांची नथ मिरवत सगळ्या पंगतीतून फिरून आल्या. शेवटी फोटोग्राफरनेच विचारलं, "मॅडम, ही नवीन फॅशन का?"

हॉल हसला. विहीणबाईसुद्धा हसल्या, माणसं चांगली होती. पद्मजाही हसली. पण लालबागला घरी आल्यावर ती आरशासमोर उभी राहिली आणि तिने स्वतःच्या नाकाला सुनावलं, "लग्नात असला पोरकटपणा चालायचा नाही. टोचूनच घेते तुला."

"कुणाशी बोलतेयस?" आतून तिच्या नवऱ्याने, धनेशने विचारलं.

"नाकाशी."

"बरं," म्हणून धनेश पुन्हा बातम्या बघू लागला. काही भांडणांत तिसऱ्याने पडू नये, एवढं शहाणपण त्याला संसाराने दिलं होतं.

तसा दोष चापाच्या नथीचाही नव्हता. पद्मजाचं नाक एका बाजूला कललेलं होतं. जन्मतः नाही. तरुणपणी ती लालबागच्या संघातून कबड्डी खेळायची. प्रभादेवीच्या मैदानावर अंतिम सामना चालू असताना वरळीच्या राधाने चढाईत कोपर असं काही फिरवलं, की सामना वरळीने जिंकला आणि पद्मजाचं नाक उजवीकडे गेलं ते गेलंच. दुसऱ्या दिवशी राधा मोसंबी घेऊन इस्पितळात आली, माफी मागितली आणि गप्पांच्या नादात अर्धी मोसंबी स्वतःच सोलून खाऊन गेली. त्या दिवसापासून दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. राधा पोस्टात लागली, पद्मजा खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत. गुडघ्यांनी राम म्हटल्यावर पद्मजाने पंचाची परीक्षा दिली आणि आता रविवारी ती गळ्यात शिटी अडकवून मैदानावर असायची. शिवडीपासून माहीमपर्यंतच्या पोरी तिला पंचबाई म्हणत आणि टरकून असत.

नाक टोचायचं म्हटल्यावर राधा सोबत येणार हे ठरलेलंच होतं. शनिवारी दोघी गिरगावात ठाकूरद्वारच्या गल्लीत अण्णांच्या दुकानात गेल्या. अण्णा म्हणजे पद्मजाच्या माहेरचे सोनार. त्यांनी तिचं नाक भिंगातून पाहिलं.

"हे आधी टोचलेलं होतं."

"लहानपणी. पण खेळताना अंगावर दागिना चालत नाही. सरावाला रोज काढायचे, परत घालायचा कंटाळा करायचे. एक दिवस घालायला गेले तर भोकच नाही."

"हं. आणि नाक जरा वाकडं आहे, ताई."

"वाकडं नाही ओ, खेळाडूचं आहे," राधा म्हणाली. "आकार मी दिलाय."

अण्णांनी डाव्या नाकपुडीवर पेनाने ठिपका काढला. राधाला तो पसंत पडला नाही. नाक उजवीकडे कललेलं असल्यामुळे ठिपका अगदी पुढ्यात, टोकाजवळ आल्यासारखा दिसत होता. अण्णा म्हणाले, "माप बरोबर आहे." राधा म्हणाली, "मापाने कोण बघतंय? लोक रस्त्यावरनं बघणार." आणि ती चक्क समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. तिथून ती हातवारे करायची, खाली, अजून खाली, थोडं मागे, आणि अण्णा जुना ठिपका पुसून नवा काढायचे. केळेवाला आणि दोन शाळकरी पोरीही राधाच्या बाजूला उभ्या राहून मत देऊ लागल्या. अखेर चौघांनी एकदम अंगठा वर केला.

"सोनाराने कान टोचावेत म्हणतात," पद्मजा डोळे मिटून म्हणाली, "नाकाचं कुणी काही—"

"झालं," अण्णा म्हणाले.

तिच्या डाव्या डोळ्यातून एकच थेंब आला. कोपराच्या मानाने हे काहीच नव्हतं. अण्णांनी भोकात सोन्याची बारीक तार घातली, टोकं पिळून बंद केली आणि बजावलं, "जखम पुरती भरेपर्यंत हिला हात लावायचा नाही. मग हवं ते घाला."

जखम भरायला हिवाळा गेला. मध्ये एकदा फोड आला, तेव्हा धनेश रोज सकाळी न सांगता मिठाचं कोमट पाणी करून बेसिनपाशी ठेवू लागला. फोड गेला तरी पाणी चालूच राहिलं.

खरी पंचाईत पुढे होती. "हवं ते घाला" म्हणणं सोपं. हवं ते म्हणजे काय?

नणंद म्हणाली, चमकीच घे, नाजूक दिसते. विहीणबाईंनी मेसेज पाठवला, नथच शोभेल. श्रेयाने तर फोनवर साठवून ठेवलेले फोटोच काढले. एका सुट्टीच्या दिवशी श्रेया, राधा आणि पद्मजा अशी तिघींची वरात दादरला एका मोठ्या पेढीत गेली. काउंटरवरच्या प्रिती नावाच्या मुलीने आतल्या कारागिराकडून नाकातली तार सोडवून घेतली, मखमली ट्रे पुढे ठेवला आणि पद्मजाच्या नाकाची परीक्षा सुरू झाली.

हिऱ्याची चमकी लावली. सुंदर होती, पण पद्मजाच्या भरल्या चेहऱ्यावर ती कुठे गेली ते शोधावं लागलं. खऱ्या मोत्यांची नथ घातली, तर नाकाच्या कलामुळे तिचं तोंड खाली न राहता उजव्या गालाकडे वळलं. "बाजूच्या बाईशी बोलतेय असं वाटतं," राधा म्हणाली. मग आल्या रिंगा. एक इतकी तंग की नाकपुडीची कड चिमटीत धरल्यासारखी झाली. दुसरी सैल, प्रितीने दिलेला चहा पिताना ती कपाच्या कडेवर वाजली.

"आई, एक सांगू? दिसायला नथच छान," श्रेया म्हणाली. "लग्नाचा एकच दिवस तर आहे."

"आणि बाकीचे दिवस नाक कुठे ठेवू?"

प्रिती समजूतदार होती. ती म्हणाली, "काकू, घाई करू नका. नाकातली वस्तू चोवीस तास अंगावर असते. झोपताना, तोंड धुताना, टॉवेलने पुसताना. नुसतं आरशात बघून नका ठरवू." हे पटलं, पण त्यामुळे निर्णय आणखीनच लांबला. कारागिराने तार पुन्हा नाकात घालून पिळून दिली, तिघी हात हलवत बाहेर पडल्या, थालीपीठ खाल्लं आणि घरी आल्या.

रविवारी परळच्या मैदानावर महिलांची स्पर्धा होती. पहिलाच सामना माहीमच्या संघाचा. पद्मजाने नेहमीप्रमाणे दोन्ही संघ रांगेत उभे केले. नखं पाहिली, अंगाला तेल नाही ना ते पाहिलं. रांगेच्या टोकाला अपूर्वा नावाची एक सडसडीत पोरगी होती, संघातली सगळ्यात वेगवान चढाईपटू. तिच्या नाकात सोन्याची इवलीशी वाळी होती.

"काढ ती."

"मॅडम, नवीन टोचलंय. काढलं तर बुजेल."

"नियम आहे. कुणाचं बोट अडकलं तर नाकपुडी फाटेल तुझी."

अपूर्वा खाली बघत म्हणाली, "तुमच्या पण नाकात आहे ना, मॅडम?"

रांगेत कुणीतरी श्वास ओढला. माहीमच्या संघाचे प्रशिक्षक बाबुराव धावत आले, "ए, पंचांशी असं बोलतात?"

पंचाला कुणी पकडत नाही, पंचाला तो नियम लागू नाही, एवढं बोलून पद्मजाला शिटी फुंकता आली असती. पण तिचा हात आपोआप नाकाकडे गेला. पोरगी उर्मट नव्हती, घाबरलेली होती. आणि बुजण्याची भीती खोटी नव्हती, हे पद्मजाइतकं त्या मैदानावर कुणाला ठाऊक होतं?

"हे बघ," ती म्हणाली, "सामन्यापुरती काढली म्हणून भोक बुजत नाही. बुजतं ते परत घालायचा आळस केला की. माझं तसंच बुजलं होतं. तू काढ. सामना संपला की मी स्वतः घालून देईन. आणि तुला एकटीला काढायला लावत नाही. मीही काढते."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. पद्मजाने ऐटीत नाकातली तार धरली आणि फिरवली. तार जागची हलली नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. पेढीतल्या कारागिराने टोकं अशी पिळली होती, की ती उघडायला सोनारच हवा होता. तिकडे अपूर्वाचीही तीच गत. तिची वाळीही सोनारानेच बंद केलेली. सगळ्या मैदानासमोर एक पंच आणि एक खेळाडू नाकाशी झुंजत उभ्या, आणि बाबुराव मदतीच्या भरात ओरडले, "कुणाकडे पकड आहे का रे?"

"पकड तर दोन्ही संघांकडे आहे, सर," राखीव खेळाडूंतून आवाज आला आणि मैदानभर हशा उसळला.

गुणलेखकाच्या पेटाऱ्यात चिमटा निघाला. पद्मजाने अपूर्वाला खुर्चीवर बसवलं, प्रथमोपचाराच्या डब्यातल्या स्पिरिटने चिमटा पुसला आणि अगदी हलक्या हाताने वाळीचं टोक सोडवलं. स्वतःच्या तारेला मात्र तिने हात लावला नाही. आरसा नव्हता आणि वेळही नव्हता. "माझं राहिलं," तिने सगळ्यांदेखत कबूल केलं. "पुढच्या वेळी बघा."

अपूर्वा तुटून खेळली. संघ हरला, एका गुणाने. डोळे पुसत ती पंचांच्या टेबलाशी आली, तेव्हा पद्मजाने वाळी धुऊन खोबरेलाचा थेंब लावून तयार ठेवली होती. दुसऱ्या प्रयत्नात ती आत सरकली.

"गेली?" अपूर्वाने विचारलं.

"गेली. आता रडताना नाक जपून पूस."

दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटल्यावर पद्मजा राधाला न घेता एकटीच गिरगावात अण्णांकडे गेली. आज तिला काय हवं ते पक्कं ठाऊक होतं.

"अण्णा, मला माझ्या हाताने काढता आणि घालता येईल अशी वाळी हवी. आरशाशिवाय."

अण्णांनी तीन-चार वाळ्या काढल्या. एकीला मागे बारीक बिजागरी होती. नख लावलं की उघडायची आणि दाबली की टक् आवाज करून मिटायची.

"बावीस कॅरेटची नका घेऊ," अण्णा म्हणाले. "सोनं मऊ, रोजच्या उघडझापीने खटका सैल होतो. अठराची कडक राहते."

अण्णांनी जुनी तार सोडवली आणि पद्मजाने ती घातली. कडेला चिमटा बसत नव्हता, ओठाला टेकत नव्हती. गोल असल्यामुळे नाकाच्या कलाचाही तिला फरक पडत नव्हता. कुठूनही बघा, गोल ती गोलच. तिने डोळे मिटून ती काढली, घातली, परत काढली. अण्णांनी दिलेल्या पंच्याने तोंड खसखसून पुसलं. धागा अडकला नाही. मग ती दुकानाबाहेर गेली, पर्समधून शिटी काढली आणि फुंकून पाहिली. समोरचा टॅक्सीवाला दचकून थांबला. वाळी हललीसुद्धा नाही.

"हीच," ती आत येऊन म्हणाली.

श्रेया आधी खट्टू झाली. "लग्नात एवढीशीच, आई?" त्यावर अण्णांनीच तोड काढली: लग्नापुरते दोन मोती आणि मधे एक लाल खडा वाळीत ओवून दिला. मे महिन्याच्या घामाघुमीत पद्मजाने कन्यादानाच्या विधीपासून पाठवणीपर्यंत नाकाचा एकदाही विचार केला नाही. तो वेळ तिला लेकीकडे बघायला मिळाला. दुसऱ्या दिवशी तिने मोती उतरवले आणि साधी वाळी पुन्हा नाकात घातली.

पावसाळा सरल्यावर मैदानं पुन्हा सुरू झाली. पहिल्याच रविवारी माहीमचा संघ समोर होता. पद्मजा रांगेपुढे उभी राहिली, नख लावून तिने वाळी उघडली, रुमालात गुंडाळून खिशात टाकली. अपूर्वाने स्वतःची आधीच काढून ठेवली होती. तिनेही आता खटक्याची घेतली होती आणि बाकीच्या पोरींना ती उघडून दाखवत होती. पोरींच्या कानातले डूल, हातातल्या अंगठ्या भराभर उतरू लागल्या.

पद्मजाची नजर बाबुरावांवर गेली. त्यांच्या सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून जाडजूड सोनसाखळी लोंबत होती.

"बाबुराव, ती पण."

"अहो मॅडम, मी कुठे खेळतोय?"

"मग मी तरी कुठे खेळतेय?"

पोरी खिदळल्या. बाबुराव पुटपुटत साखळीचा फासा शोधू लागले आणि पंचबाईंनी शिटी फुंकली.