कबरीवरचा पहारा

"बोझेनाताई, मला जाऊ दे की! पोरगा डुलायला लागलाय," मारेक कुजबुजला. वितेकची जागा घ्यायला तो केव्हाचा तयार होऊन थांबला होता.

"डुलू दे," मी म्हणाले.

गुड फ्रायडेची संध्याकाळ. चर्चमध्ये ख्रिस्ताची कबर मांडलेली आणि तिच्याशेजारी पितळी शिरस्त्राण घालून, हातात कुऱ्हाड धरून आमच्या अग्निशमन दलाचा स्वयंसेवक पहाऱ्याला. हलायचं नाही, बदलीची खूण होईपर्यंत तोंडही उघडायचं नाही. ज्याला पुढे तुकडी सांभाळायची हौस असेल, त्याने आधी इथे उभं राहून दाखवायचं, ही गावची रीत. यंदा तुकडीप्रमुखाच्या प्रशिक्षणाला पाठवा म्हणून हात वर केला कोणी, तर लेशेकच्या पोराने, वितेकने.

लेशेक माझ्या आधीचा दलप्रमुख. तरुणपणी मीही असाच हात वर केला होता, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बोझेना तुकडी सांभाळणार? मग सूप कोण ढवळणार?" सगळे खो खो हसले. त्याच्या राज्यात मला पहारा मिळाला नाही तो नाहीच. पुढे लोकांनी मला प्रमुख निवडलं, पण लेशेकसाठी मी 'सूपवाली'च राहिले. मग मीही हट्टाला पेटले, बोलावल्याशिवाय पहाऱ्याला उभी राहणार नाही.

वितेकच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. पहिल्या बाकावरून लेशेक काठी टेकत माझ्याकडे आला.

"राग माझ्यावर आहे ना? पोरावर कशाला काढतेस?"

"सूपवालीला काय कळतं पहाऱ्यातलं?"

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "प्रमुख, पोराला सोडा."

"ऐकू नाही आलं."

तो पुन्हा म्हणाला. मागच्या बाकांवरच्या माना वळल्या. खोटं कशाला बोलू, गोड लागलं.

मी मारेकला खूण केली, पण वितेकने त्याला नजरेनेच थांबवलं. गडी जागचा हलला नाही.

"ही बदली प्रमुखांनी घ्यावी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुमचा पहारा राहिलाय."

प्रशिक्षणाला हाच जाणार, हे तिथेच ठरलं. त्याच्या बापाचा पोरगा असला तरी.

शिरस्त्राण आतून ओलं आणि गरम होतं. मी कुऱ्हाड धरून उभी राहिले. वितेक बाकावर जाऊन कोसळला. लेशेक मात्र बसला नाही, काठीवर भार देऊन माझ्यासमोर तसाच उभा राहिला. त्याचे पाय थरथरत होते. बस म्हणायला मला तोंड उघडता आलं नसतं. आलं असतं तरी म्हणाले नसते.