टिकटिक न करणारा ट्रॅप

दीक्षाने लांब पेचकसाचं टोक वाफेच्या पाइपातलं पाणी काढून टाकणाऱ्या ट्रॅपवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. टिक्... टिक्... टिक्. आतली चकती उठत होती, पडत होती. आठ महिन्यांनी हा आवाज ऐकताना तिला हसूच फुटलं.

"बोलून राहिला ना?" गफ्फारचाचांनी विचारलं. अकोल्याच्या या तेलगिरणीत बॉयलर सांभाळता सांभाळता त्यांची दाढी पांढरी झाली होती. "सारे ट्रॅप जिंदा आहेत, बेटा. तुह्या पोरीचं नाव काय ठेवलं?"

"मैत्री," पुढच्या पाइपाकडे वळत ती म्हणाली.

"हां, हां."

ट्रॅप जिंदा होते, तरी सरकी शिजवायचा कुकर तापायला पन्नास मिनिटं लागत होती. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा पंचवीस पुरायची. सकाळीच मालक विपुलशेठ म्हणाले होते, "दोन वाजेपर्यंत कारण सापडलं तर ठीक, मॅडम. नाही तर बाहेरची माणसं बोलावतो. तुम्ही ऑफिसात बसा, लेकरू लहान आहे."

ऑफिस म्हणजे फायली आणि पंखा. तिला ही वाफ हवी होती.

ती कुकरखाली वाकली. तिथेही चकतीचाच ट्रॅप. वाफेचं झालेलं पाणी तो थांबून थांबून थुंकत होता. कुकरच्या पोटात मात्र पाणी साचत होतं.

"चाचा, इथं तर गोळ्यावाले होते ना?"

चाचा उत्तर न देता हातातलं फडकं झटकत राहिले. तिने समोर जाऊन पुन्हा विचारलं.

"काढले. तिन्ही मेले होते. कान लावला तर चूप! मंग हे लावले. बोलतात तरी."

दीक्षा थबकली. गोळ्यावाला टिकटिक करतच नाही. पाणी येईल तसा आतला पोकळ गोळा तरंगतो, वाट उघडतो, आणि झोपेत दूध ओढणाऱ्या लेकराच्या श्वासाएवढी बारीक सुरसुर तेवढी ऐकू येते. ती सुरसुर ओळखायला तिला चाचांनीच शिकवलं होतं.

ती स्टोअरमध्ये गेली. तिन्ही ट्रॅप तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवलेले. तिने एकाचं झाकण खोललं, गोळा सोडवला आणि बादलीत टाकला.

"चाचा! या ना इकडं! तरंगला!"

ती अक्षरशः उड्या मारत होती. चाचांनी गोळा बोटाने दाबला. तो टुणकन वर आला. पुन्हा दाबला. मग एकदम म्हणाले, "पाना आण. वाफ बंद कराले सांग."

गोळ्यावाले तिन्ही परत बसवताना दुसऱ्या कोणाला त्यांनी हात लावू दिला नाही. दीड वाजता वाफ सोडली. दीक्षाचा कुर्ता दुधाने ओला झाला होता, जुन्या शहरात आईकडे मैत्री जागी झाली असणार. तिने ओढणी पुढे घेतली आणि कुकरच्या तापमानाच्या काट्यावर डोळे लावले. काटा थरथरला, चढला. साठ. ऐंशी. शंभर!

"तेवीस मिनिटं!" ती ओरडली.

विपुलशेठ मागे येऊन उभेच होते. "वा! पण ते काढले कोणी होते?"

चाचा पाठमोरे हात पुसत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"कुठं कोणता ट्रॅप, ते मी जाताना लिहून ठेवाले पाहिजे होतं, शेठ," दीक्षा म्हणाली. "आता यादी लावते. अन् नुसत्या कानावर नको. तापमान मोजायची बंदूक लागते. चाचा रोज मोजतील."

"मागवा. अन् ऑफिसचं राहू द्या," म्हणत शेठ गेले.

बघायला जमलेले कामगार पांगले. चाचा अजून पुसलेलेच हात पुसत होते.

"बेटा, पोरीचं नाव काय म्हनलं तू?"

दीक्षा वळसा घालून त्यांच्या समोर आली. उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली.

"मै-त्री."

चाचांनी तिच्या ओठांकडे पाहिलं.

"मैत्री," ते म्हणाले आणि हसले. "मंग सकाळीच काहून नाही सांगतलं?"

"राहून गेलं, चाचा."