तपासून दिलेलं पान

दमनहूर गावच्या स्टेशनमागच्या भिंतीवर पंधरा वर्षं एकच चेहरा होता, खासगी क्लासवाल्या मिस्टर वजदीचा. काळा कोट, मुठीवर टेकवलेली हनुवटी, आणि डोक्यावर लाल अक्षरांत ‘इंग्रजीचा देवमासा’. रसायनवाला स्वतःला बादशहा म्हणवतो, गणितवाला डायनॉसोर, तेव्हा इंग्रजीवाल्यानं देवमासा व्हायला कोणाची हरकत असणार? मग एका उन्हाळ्यात शेजारी दुसरं पोस्टर लागलं. त्यावर ना मासा, ना बादशहा. नुसतं ‘मिस इनास, इंग्रजी’. आणि पोरं तिकडे लोटली.

इनास त्याचीच विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसून त्याचा शब्द न् शब्द उतरवून घ्यायची. आज तिच्या वर्गाला जागा मिळत नव्हती, आणि वजदीच्या दीडशे खुर्च्यांपैकी नव्वद रिकाम्या होत्या. रिकाम्या खुर्च्यांपुढे माणूस किती मोठ्यानं बोलणार?

“फोनवर व्हिडिओ टाकते, पोरांना हसवते,” तो बायकोला, सहरला सांगे. “हसून का इंग्रजी येतं?”

“येत असेल,” सहर मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत म्हणे. “तू एकदा हसून बघ.”

त्याच्या अंगाचा तिळपापड होई. घरातच असं बोलणारं माणूस असलं की बाहेरच्यांची गरज काय?

त्यांची एकुलती एक मुलगी रनीम यंदा बारावीला होती. तिला फार्मसीला जायचं होतं, आणि तिथं एका मार्कानं पोरं दुसऱ्या शहरात, दुसऱ्या आयुष्यात फेकली जातात. इंग्रजी तिला बापच शिकवी, जेवणाच्या टेबलावर, आणि निम्मा वेळ खेकसण्यात जाई. देवमाशाची मुलगी दुसऱ्याच्या क्लासला गेली असती तर गावानं काय म्हटलं असतं?

परीक्षेला चार दिवस राहिले तेव्हा भर दुपारी इनास त्याच्या क्लासवर आली. हातात बसबूसाचा, रव्याच्या गोड वड्यांचा डबा, काखेत कागद. तो दिसताच ती बाकावरून उठून उभी राहिली, शाळेत राहायची तशी.

“मिस्टर, परवा माझी शेवटची उजळणी आहे. चारशे मुलं आहेत, लग्नाचा हॉल घेतलाय.”

“हो का,” वजदी म्हणाला. चारशे हा आकडा त्याला मिरचीसारखा झोंबला.

“एवढं एक पान नजरेखालून घालाल? बाकीचं मी पाहिलंय. हे रात्री जागून केलंय, माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही.”

पान ‘चेंज’ या शब्दाचं होतं. बदलणं म्हणायला इंग्रजीत किती शब्द आहेत आणि कुठला कुठं वापरायचा, एवढंच. वजदी हे वीस वर्षं शिकवत आला होता. चौदा शब्दांची यादी, पोरांनी एका सुरात म्हणायची, नाही आली तर उभं राहायचं. इनासनं आठच घेतले होते. प्रत्येकासाठी एक वाक्य, शब्दाची जागा मोकळी, उत्तरं शेजारच्या रकान्यात, आणि वाक्यं सगळी गावातलीच. शाळेतून येऊन कपडे बदलले. आत्याचा लग्नातला झगा शिंप्याकडून कमरेत ढिला करून घेतला, तिथं ‘ऑल्टर’ हवं. मैलांचे किलोमीटर केले, तिथं ‘कन्व्हर्ट’. नेटवर्क मिळेना म्हणून फोनची कंपनी बदलली, तिथं ‘स्विच’. ओसाड वाळूत बाग उभी राहिली, तिथं ‘ट्रान्सफॉर्म’. एकदा वाचलं की कोणी विसरणार नाही, असं ते पान होतं.

हे आपल्याला का सुचलं नाही? वजदीला त्या पोरीचा राग आला, तिच्या अदबीचा राग आला, बसबूसाच्या डब्याचासुद्धा राग आला. वाईट पान असतं तर त्यानं आनंदानं दुरुस्त केलं असतं.

आणि तेवढ्यात त्याला दिसलं. उत्तरांचा रकाना चौथ्या ओळीपासून एक घर वर सरकला होता. मधली एखादी ओळ काढताना झालं असणार. पहिली तीन उत्तरं बरोबर, म्हणून नजर पुढं सहज घसरत होती. पण खाली शिंप्याच्या झग्यासमोर ‘कन्व्हर्ट’ होतं आणि मैलांसमोर ‘स्विच’.

इनास समोर उभी होती. बोट ठेवायचं, “इथं बघ,” म्हणायचं, दोन सेकंदांचं काम.

“छान आहे,” वजदी म्हणाला.

“सगळं बरोबर?”

“बरोबर.”

“आता मी निर्धास्त झाले,” ती म्हणाली. “तुम्ही पाहिलंत म्हणजे झालं.”

ती गेल्यावर त्यानं बसबूसाचे दोन तुकडे खाल्ले. गोड लागले, हे त्याला आवडलं नाही.

पुढचे दोन दिवस तो मूग गिळून बसला. फोन हातात घेई, ठेवून देई. चार पोरं मिळून मैलांना ‘स्विच’ म्हणतील तेव्हा कळेल गावाला, फोनवरच्या मास्तरीणबाई किती पाण्यात आहेत ते. मला विचारलं कशाला? वीस वर्षं मला कोण तपासून देत होतं? अशा सबबी त्यानं एकामागून एक रचल्या, आणि मनात कुठंतरी हेही होतं की छापून आलं की आता काही करता येणार नाही. मग तेही झालं. वह्या चारशे पोरांच्या हातात गेल्या, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी तो आणि सहर शाळेच्या फाटकाबाहेर फूटपाथवर बसले होते. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. आया ओठांत कुराणातल्या आयती पुटपुटत होत्या, बाप सिगारेटी ओढत होते. बारा वाजता पोरं बाहेर आली. रनीमचा चेहरा फुलला होता.

“बाबा, ‘चेंज’च आलं. चार मार्कांचं. वाक्यं निराळी, पण झगा होताच.”

“काय लिहिलंस?”

“कन्व्हर्ट. आणि मैलांना स्विच.”

वजदी फूटपाथवरून उठला. “मी तुला हे शिकवलं?” तो म्हणाला. “हे कुठलं?”

रनीमनं आईकडे पाहिलं. सहरनं पाण्याची बाटली खाली ठेवली.

“मी पाठवत होते,” ती म्हणाली. “जानेवारीपासून. गणिताच्या क्लासला जाते सांगून इनासकडे. तुझ्यापुढे रनीमची जीभ टाळूला चिकटते, वजदी. काय करणार होते?”

एवढ्या सगळ्यात त्याच्या मनात पहिलं आलं ते हेच, की पोटची पोरसुद्धा तिकडेच गेली. घरातली एक खुर्चीसुद्धा इनासनं रिकामी केली होती. चार मार्कांचं भान त्याला त्यानंतर आलं, आणि तेव्हा त्याला स्वतःची किळस वाटली.

“चुकलं का?” रनीम म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. “मला झग्याला ऑल्टरच वाटत होतं. देवाशप्पथ, तेच लिहिणार होते. पण पानाखाली छापलं होतं, ‘हे पान आमच्या मिस्टर वजदींनी तपासलं आहे.’ मिसनी हॉलमध्ये माइकवर वाचूनही दाखवलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतकं बरं वाटलं, बाबा. मग मी म्हटलं, बाबांपेक्षा मला जास्त कळतं का?”

फाटकातून आणखी पोरं येत होती. कोणीतरी हसून म्हणत होतं, मैलांना स्विच.

“जाऊ दे,” रनीमनं डोळे पुसले आणि बापाच्या दंडावर हात ठेवला. “तुमच्या नजरेतून सुटलं असेल. रोज किती कागद बघता तुम्ही. चुकतं माणसाचं.”

मुलीनं दार उघडून दिलं होतं. ‘सुटलं’ म्हटलं की संपलं असतं, घरी जाऊन सगळे जेवायला बसले असते. वजदीनं तोंड उघडलं, पण तिचा हात अजून दंडावर होता आणि त्याला खोटं बोलवेना.

“सुटलं नाही,” तो म्हणाला. “मी पाहिलं होतं.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं हात काढून घेतला.

“चारशे जण होतो आम्ही, बाबा,” ती म्हणाली.