भिंतीवरचा पट्टा

पौषातलं कोवळं ऊन सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या माजघरात शिरतं आणि समोरच्या मातीच्या भिंतीवर टेकतं, तेव्हा तिच्यावरचा एक पट्टा वेगळा चमकतो. जमिनीपासून दोन फूट दहा इंचांवर तो सुरू होतो, चार बोटं रुंद आहे आणि आप्पांच्या खाटेपासून मागच्या दारापर्यंत अखंड जातो. सात वर्षं आप्पांचा उजवा तळहात त्या वाटेनं गेला. भिंत सारवून गुळगुळीत होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. माणूस चालून चालूनही ती तशी होते, हे मी या घरात पाहिलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. म्हसाच्या जत्रेत बैल पारखायला लोक त्यांना बरोबर नेत. काचबिंदूनं दृष्टी गेल्यावरही शिंगावरची वळी बोटांनी मोजून ते बैलाचं वय सांगत. त्यांचा तळहात त्यांच्या देहाच्या अर्धा पाऊल पुढे असायचा आणि कुठल्याही वस्तूला लागण्याआधी क्षणभर हवेत थांबायचा, जणू तिची परवानगी घ्यायचा. त्या थांबण्यात घाई नव्हती, भीतीही नव्हती. शेतावरून संध्याकाळ उतरताना एक क्षण सगळं स्तब्ध होतं, तसं ते होतं.

त्यांच्यासाठी घरात दोन नियम होते. जागची वस्तू हलवायची नाही, आणि उंबरा ओलांडणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं. माझी बायको रेखा नुसतं परसातून आत आली तरी आपलं नाव सांगायची. शेजारचा काशिनाथ दारातूनच ओरडायचा, "आप्पा, मी काशिनाथ, हजर!" मी फक्त "मी आलो" म्हणायचो. तेवढं त्यांना पुरायचं.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात एका दुपारी मी मुरबाडहून परतलो. डोक्यात कसली तरी बेरीज चालू होती. ती तुटेल म्हणून उंबऱ्यावर काही बोललो नाही. आतून आप्पांनी विचारलं, "कोण?" मनात म्हटलं, बेरीज झाली की सांगतो. पाय धुऊन आत गेलो, तोवर त्यांचा डोळा लागला होता. त्या झोपेतून ते उठले नाहीत. बेरीज कसली होती, ते आता आठवत नाही.

मी रडलो नाही. दहावं, तेरावं यथासांग केलं. मग खाट माळ्यावर टाकली, पेटी खिडकीखाली सरकवली, भाताची कणगी दुसऱ्या कोपऱ्यात नेली. घर मोठं झालं. येणारे-जाणारे नाव सांगेनासे झाले. हात बधिर झाला की तो आपलाच आहे हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. माझं माझ्याबद्दल तसं झालं होतं.

भाद्रपदात रेखानं टोकावड्याच्या एका ढाब्यामागून एक कुत्री आणली. गाडीनं पाय मोडलेली, गोणपाटात गुंडाळलेली, पोटुशी. दसऱ्याच्या आसपास ती पेंढ्यात व्याली. चार पिल्लं. चौदाव्या-पंधराव्या दिवशी तिघांचे डोळे उघडले. चौथ्याच्या बाबतीत माझं मोजणं चुकलं असेल, असं मला वाटत राहिलं. बाविसाव्या दिवशी मोजणं सोडलं. पुढे त्याच्या पापण्या उघडल्या, त्या आत भाताच्या पेजेसारखं पांढुरकं घेऊन. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्मतःच असं आहे, उपाय नाही.

तीन पिल्लं लोकांनी नेली. आई पाय बरा होताच शेतांतून हिंडू लागली. हे एक उरलं. खिडकीखाली वाटेत येणाऱ्या पेटीवर आपटून आपटून त्याच्या कपाळाला जखम झाली होती.

"दादा, म्हसाच्या जत्रेत सोडून ये त्याला," काशिनाथ म्हणाला. "एवढी माणसं, खायला कमी नाय पडायचं."

"पौर्णिमेला नेतो," मी म्हटलं. म्हणताना आत काहीच हललं नाही.

आप्पांचं वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात एका सकाळी रेखा एकटीच ती पेटी ओढत होती.

"अहो, बघत काय बसलात? धरा त्या बाजूनं."

"कुठं न्यायची?"

"आप्पांच्या वेळेला होती तिथं."

काशिनाथ तेवढ्यात आत आला. "काय वैनी, म्हाताऱ्याची जागा कुत्र्याला दिली काय?"

"जागा कुणाला दिली नाय, भावजी. ज्याची त्याला ठेवतेय. आनि तुमी आधी नाव सांगा. कोन आलंय ते त्याला काय कळनार?"

काशिनाथ हसला. मग त्याचं हसणं थांबलं. तो उंबऱ्याबाहेर गेला आणि पुन्हा आत पाऊल टाकत हळूच म्हणाला, "मी काशिनाथ, हजर." पिल्लानं कान त्याच्याकडे वळवले.

पेटीमागोमाग कणगी हलली, माळ्यावरची खाटही खाली आली. जमीन मधल्या काळात दोनदा सारवली होती, जुन्या खुणा बुजल्या होत्या. मापं मी कुठं लिहिली नव्हती. पण भिंतीपासून कणगी एकोणीस इंच, खाटेपासून पेटी साडेतीन फूट, सगळं हातांना आठवत होतं.

पौर्णिमा आली. जत्रेला निघालेल्या जीपा दारावरून गेल्या. मी गेलो नाही. ठरवून राहिलो असं नाही. फक्त गेलो नाही.

पिल्लू आता भिंतीच्या कडेनं चालतं. आप्पांच्या पट्ट्याच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्याच्या ओल्या नाकानं एक पुसट रेघ उमटू लागली आहे. काही लागण्याआधी त्याचं नाक क्षणभर हवेत थांबतं. त्याला अजून नाव नाही. घरात येणारे सगळे त्याला आपापलं नाव सांगतात. एक मी सोडून.

काल दुपारी मुरबाडहून आलो. खाटेच्या पायाशी निजलेल्या पिल्लानं मान वर केली, कान पुढे केले. ते "कोण?" मी ओळखलं. डोक्यात कालही कसली तरी बेरीज होती. ती तिथंच टाकली.

"मी आलो," मी म्हटलं.

ते उठलं, भिंतीला नाक लावत सावकाश आलं आणि माझ्या पायाशी येऊन थांबलं. उन्हं कलली होती. वरचा पट्टा दिसत नव्हता, खालची रेघही नव्हती. तेरा महिन्यांचा उशीर. विचारणारा जातो, तरी त्याचं विचारणं घरात राहतं. आणि आपण उत्तर देतो तेव्हा, मागे जो उरला असेल त्याचे कान पुढे होतात.