निळे ठिपके, लाल ठिपके

“काका, मॅडम विचारतायत, यातला दुसरा माणूस कोण?”

दीप्तीनं हे इतक्या सहज विचारलं की हरिश्चंद्र आडिवरेकरानं आधी मागं वळून पाहिलं. मागं त्याची बायको मथुरा होती, हातात कोकम सरबताचे पेले घेऊन. तिच्यामागं घर होतं, आणि घरात तिसरं माणूस नव्हतं.

घरापुढच्या खळ्यातल्या बाकावर लॅपटॉप उघडा होता आणि त्याच्यासमोर इनेसबाई बसल्या होत्या. बाई पोर्तुगालच्या. पोर्तुगीज या किनाऱ्यावर पूर्वीही येऊन गेले, पण तेव्हा त्यांनी असले अवघड प्रश्न विचारल्याचं ऐकिवात नाही. आता भारत, पोर्तुगाल आणि आयर्लंड अशा तीन देशांनी मिळून खाडीच्या तोंडाशी भरती-सुकतीवर वीज करायचं मनावर घेतलं होतं. पाणी किती चढतं आणि किती उतरतं याच्या जुन्या नोंदी त्यांना हव्या होत्या. शोधता शोधता सलग सव्वीस वर्षांच्या, हातानं लिहिलेल्या वह्या निघाल्या. प्रत्येक पानाखाली एकच सही. सही करणारा नाटे गावाच्या अलीकडच्या जेटीवरून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेला नोंदणी-मदतनीस. म्हणजे हाच, बनियनवर घाईघाईनं शर्ट चढवून बसलेला हरिश्चंद्र.

पडद्यावर ठिपके होते. निळे खंडीभर, लाल मूठभर.

“दुसरा म्हंजे?” त्यानं विचारलं.

“हे निळे बघा.” दीप्ती रत्नागिरीचीच, प्रकल्पाचं इकडचं सगळं तीच बघायची. “एकशे सत्त्याऐंशी सेंटिमीटर, दोनशे तेरा, एकशे ब्याण्णव. पाणी जसं असेल तसं. वारा असला तर शेऱ्यात वारा लिहिलाय. आणि हे लाल. यांच्या शेवटी कायम शून्य, नाहीतर पाच. वर्षातून पंधरा-वीस दिवस, बहुतेक गणपतीत. अक्षर एकच आहे, पण माणसं दोन आहेत. मॅडम म्हणतात, निळा माणूस पाण्याकडे बघतो आणि लाल माणूस चंद्राकडे.”

बाईंचं फार चुकलं नव्हतं. तो चंद्र भिंतीवरच्या पंचांगातला होता, एवढाच फरक. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावर कुणीही सांगेल. दशमी म्हणजे साडेसात. उंची गेल्या वर्षीच्या वहीवरून अंदाजानं ठोकायची.

“आणि हे फयान वादळाचे दिवस,” दीप्ती हसू दाबत म्हणाली. “मापाचा खांबच पडला होता. पाचव्या दिवशी परत उभा केला, तसा कागद आहे. पण लाल माणसानं चारही दिवस पाणी मोजलंय. आडव्या खांबावर.”

इनेसबाई हसल्या. टोचणारं हसणं नव्हतं ते, म्हणून जास्त टोचलं.

“तो बदली माणूस होता,” हरिश्चंद्र म्हणाला. “मी रजेवर गेलो की यायचा.”

“नाव काय त्यांचं? अहवालात लागेल.”

“गेला तो. वारला.”

मथुरेनं पेले बाकावर ठेवले. एकही पेला वाजला नाही.

खरं काय ते त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हरिश्चंद्राला ताप आला. काम म्हणाल तर एवढंच, की उजेडातली एक भरती आणि एक सुकती खांबावर वाचायची. पण त्यासाठी घरामागून जांभ्याच्या पायऱ्या उतरून जेटीवर जायचं आणि तेवढ्याच चढून यायचं. चार दिवस मथुरा गेली. पाचव्या दिवशी ताप उतरला, सवय उतरली नाही. त्याला भजनाच्या बाऱ्यांचे सामने होते, भाताची गिरण होती, पुढं पुढं कंबर होती.

भरती रोज पाऊण तासानं पुढं सरकते. मथुरेचं घर तिच्यामागून सरकत गेलं. आज आठला शिजलेला भात उद्या पावणेनऊला, परवा साडेनऊला. नवरा घड्याळाकडे बघून कपाळाला आठ्या घालायचा. ती खालून आली की मागच्या दारावर खडूनं आकडे लिहायची. सातवी शिकलेली होती, आकडे ठसठशीत. संध्याकाळी हरिश्चंद्र ते वहीत उतरवायचा, खाली सही ठोकायचा आणि ओल्या फडक्यानं दार पुसून टाकायचा. कामाच्या बाबतीत तेवढा तो टापटिपीचा होता. मथुरा माहेरी हेदवीला गेली की दार कोरं राहायचं, आणि मग पंचांग.

बापानं नाव हरिश्चंद्र ठेवलं होतं. त्याचा कुणाला उपद्रव झाला नव्हता.

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली. मथुरा पायरीवर बसून गुडघ्यांना तेल चोळू लागली. मग म्हणाली, “लाल माणूस वारला म्हणून सांगितलात. मग मी आता कुंकू लावू की नको?”

“गंमत सुचते तुला. पेन्शन बंद करतील गो. चौकशी लावतील.”

“मी काय बोलले?”

“बोलली नायस, तेच.”

ती तेलाची वाटी बाजूला सारत म्हणाली, “किती ठिपके होते वो ते निळे?”

“नऊ हजार म्हणाली ती पोर.”

“एका दिवसाचा एक?”

“हां.”

“मग मी त्याच्या दुप्पट वेळा उतरले. भरतीला एकदा नि सुकतीला एकदा.” तिनं पाय लांब केले. “तरीच.”

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. हिशेब जुळल्याचं समाधान होतं, आणि त्या समाधानानं हरिश्चंद्राला जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात रत्नागिरीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये अहवालाचं प्रकाशन झालं. व्यासपीठावर तीन देशांचे झेंडे, मुंबईहून आलेले एक साहेब, आणि मधोमध हरिश्चंद्र. त्याला शाल, नारळ आणि पाण्यात फिरणाऱ्या पात्यांची पितळी प्रतिकृती मिळाली. अहवालात त्या सव्वीस वर्षांना ‘आडिवरेकर नोंदमाला’ असं नाव दिलं होतं. मथुरा मागून दुसऱ्या रांगेत बसली होती, कारण पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी होत्या.

साहेब बोलले. सागर, ऊर्जा, सहकार्य हे शब्द आलटून पालटून आले. मग इनेसबाई उठल्या. त्यांच्या हातात एका पानाची मोठी केलेली छायाप्रत होती.

दीप्ती मराठीत सांगू लागली. “मॅडम म्हणतात, हे पान त्यांनी आपल्या खोलीत लावलंय. सव्वीस डिसेंबर दोन हजार चार. त्या दिवशी पूर्वेकडे त्सुनामी आली. आपल्या बाजूला कुणाला काही कळलं नाही. पण या शेऱ्यात लिहिलंय, ‘पाणी उतरताना परत चढले, तीनदा. वारा नाही.’ काका, मॅडमना तुमच्या तोंडून ऐकायचंय. त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत?”

माइक हरिश्चंद्राच्या हातात आला.

तो दिवस त्याला चांगला आठवत होता. दत्तजयंती होती. तो देवळातून भूक घेऊन आला तर मथुरा घरात नव्हती आणि चुलीवरची डाळ करपली होती. ती धापा टाकत आली तेव्हा त्यानं तिचं काही ऐकून घेतलं नव्हतं. ताट सरकवून तो उठला होता. संध्याकाळी दारावर आकड्यांखाली काहीतरी लांबलचक लिहिलेलं दिसलं, ते त्यानं जसंच्या तसं वहीत उतरवलं. न वाचता.

सभागृह वाट बघत होतं. सत्कारमूर्ती भारावले आहेत अशी समजूत होऊन पुढच्या रांगेत कुणीतरी मान हलवली.

“मला म्हाईत नाय,” हरिश्चंद्र म्हणाला. “मी खाली उतरलोच नाय. त्या दिवशी नाय नि कधीच नाय. बदली माणूस कोण नव्हता. ते लाल ठिपके माझे. निळे सगळे हिचे.” आणि त्यानं मागून दुसऱ्या रांगेकडे बोट केलं.

पुढच्या रांगांतल्या माना मागं वळल्या. मग कुणीतरी हसलं, दुसऱ्यानं टाळी वाजवली, आणि टाळ्या वाढत गेल्या. साहेबांनी माइक अलगद काढून घेतला. “याला म्हणतात कोकणी माणूस,” ते म्हणाले. “सव्वीस वर्षांचं श्रेय एका वाक्यात पत्नीच्या ओटीत टाकलं. फार मोठं मन लागतं याला.” छायाचित्रकारानं हरिश्चंद्राला शाल नीट करायला सांगितलं.

चोरानं चोरी कबूल करावी आणि लोकांनी त्याला दानशूर म्हणून खांद्यावर घ्यावं, तसं झालं. सव्वीस वर्षांत एकदा खरं बोलला, तेही त्याच्याच पुण्याईत जमा झालं.

टाळ्या न वाजवणारं माणूस एकच होतं. दीप्तीनं इनेसबाईंच्या कानात हरिश्चंद्राचं बोलणं सांगितलं होतं, साहेबांचं नव्हे. बाई व्यासपीठावरून उतरल्या आणि मागच्या रांगेत मथुरेशेजारी जाऊन बसल्या. चहा सुरू झाला तेव्हा हरिश्चंद्र पितळी पाती सांभाळत तिथं पोचला. मथुरा पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगत होती आणि दीप्ती सांगेल तसं बाई वहीत लिहीत होत्या.

“पुनवेचं उधाण होतं. भरती मोजली नि निघाले, तर पाणी उतराया लागलेलं परत चढलं. वारा नाय, पाऊस नाय. मला वाटलं माझंच कायतरी चुकलं. म्हणून तितंच थांबले. परत उतरलं, परत चढलं. माझं चुकत नाय याची खात्री होईस्तवर बसले.” तिनं मान वर केली. समोर नवरा उभा होता. “घरी डाळ करपली. हे जेवले नायत त्या दिवशी.”

दीप्तीनं हेही सांगितलं. इनेसबाईंनी हेही लिहून घेतलं.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. पाणी लाटेबरोबर वरखाली होतं, मग आकडा कसा धरायच्या?

मथुरेला पहिल्यांदाच कुणी तिच्या कामातलं काही विचारत होतं. ती सावरून बसली. “धा लाटा बघायच्या,” ती म्हणाली. बाईंनी वही मिटली आणि तिचा हात हातात घेतला.

नाव बदलायचं मात्र जमण्यासारखं नव्हतं. दीप्तीनं बाहेर गाडीपाशी ते समजावलं. अहवालावर तिन्ही देशांच्या सह्या झाल्या होत्या. एक ओळ बदलायची तरी तिन्हीकडे प्रस्ताव जाणार, तिन्हीकडच्या समित्या बसणार. कुठल्याशा एका गोष्टीवर तीन देशांचं एकमत व्हायला चार वर्षं लागली होती, आणि ते नेमकं हरिश्चंद्राच्या नावावर झालं होतं.

“मी लिहीन वर, काका. पुढच्या आवृत्तीत बघू,” ती म्हणाली. “चौकशीचं टेन्शन घेऊ नका. तुमचं बोलणं कुणी खरं धरलंच नाहीये.”

परतीच्या एसटीत मथुरा खिडकीशी बसली. शाल त्यानं तिच्या मांडीवर ठेवली. तिनं तिची घडी घालून पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवली.

“उकडतं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीची पाऊणपट सहा. पाच वाजता हरिश्चंद्र उठला, मागच्या दाराच्या चौकटीवरून खडूचा जुना तुकडा काढून खिशात टाकला आणि पायऱ्यांशी आला. दिसायला लागलं तसा उतरू लागला. निम्म्यावर कंबर बोलली. पायऱ्या एकशे चार होत्या. सत्कारात साहेबांनी ऐंशी सांगितल्या होत्या आणि त्यानं मान डोलावली होती.

जेटीवर प्रकल्पाची नवी पेटी बसवलेली होती. ती आपली आपण दर सहा मिनिटांनी पाणी मोजते आणि तिन्ही देशांना कळवते. शेजारचा लाल-पांढरा खांब कुणी वाचायची आता गरज नव्हती. हरिश्चंद्र त्याच्यापुढं उकिडवा बसला. पाणी वर यायचं, आकडा झाकायचं, खाली जायचं. खांबावर एक आकडा असा दिसतच नव्हता. बऱ्याच वेळानं त्यानं एक मनाशी धरला आणि तो वर चढू लागला. तीनदा बसावं लागलं.

मथुरा मागच्या दारात उभी होती. गुडघ्यांमुळे ती आता इथपर्यंतच येत असे.

“किती?” तिनं विचारलं.

“एकशे पंच्याहत्तर.”

“पाच?”

तो दाराच्या चौकटीला टेकला.

“लाटेचं डोकं धरलात. धा लाटा बघायच्या. सगळ्यांत वरची सोडायची, सगळ्यांत खालची सोडायची, मग मधलं धरायचं.”

“आता परत?”

तिनं खाडीकडे पाहिलं. “पाणी अजून पाव तास थांबेल.”

हरिश्चंद्रानं खिशातला खडू काढून तिच्या हातात दिला. मग कंबरेवर हात ठेवून तो वळला आणि एक एक पायरी मोजत पुन्हा उतरू लागला. मथुरा खडू धरून दारात थांबली. दार कोरं होतं.