एकसष्टावा दिवस

"काका, पडद्यावर एकही ठिपका नाही." प्रबंधासाठी प्रयोग करणाऱ्या पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ, सगळ्यांचे काका. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. काल याच पडद्यावर मधाच्या पोळ्यासारखे दाटीवाटीनं बसलेले ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे स्फटिकातला इवलासा चुंबकी भोवरा. पोरगी त्याला स्किर्मिऑन म्हणे. चुंबक चालू ठेवून स्फटिक झटकन गार केला, की हे भोवरे जागच्या जागी अडकून राहतात; चुंबक बंद केला, की विस्कटतात. किती दिवस तग धरतात, तेच तिला मोजायचं होतं. साठ दिवस झाले होते. प्रबंधाची मुदत तीन आठवड्यांवर होती, आणि आता पडद्यावर नुसते पट्टे.

"वीज गेली असेल," काका म्हणाले.

तिनं नोंदवही पुढे सरकवली. कालची शेवटची ओळ : संध्याकाळी साडेसहा, चुंबक शून्यावर. खाली काकांची वळणदार सही.

शेवटी निघेल त्यानं चुंबक शून्यावर आणायचा, मगच दिवा घालवायचा. बत्तीस वर्षं नव्या प्रत्येकाला काका हेच दटावत आले होते. हा प्रयोग संपेपर्यंत मात्र बटणाला हात लावायचा नाही, हेही त्यांनीच सगळ्यांना बजावलं होतं.

"सवयीनं झालं असेल हो."

"सवय मला आठवते गं. हे आठवत नाही."

गेल्या आठवड्यात त्यांनी ताट वाढायला सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, आत्ताच तर जेवलात!" दोघंही पोट धरून हसले होते.

"सरांना वीज गेली म्हणून सांगू या," ती हलकेच म्हणाली.

"तुझे साठ दिवस मी मातीत घातले. वर खोटंही तुझ्याच गळ्यात बांधू?" त्यांनी पेन उघडलं आणि सहीखाली लिहिलं : चूक माझी.

तिनं डोळे पुसले. "भोवरेच ते, पुन्हा फिरवू. वीस दिवसांचं तर वीस दिवसांचं." काका स्फटिक गार करणाऱ्या नळीची झडप उघडायला उठले.

"तुम्ही बसा काका, मी करते."

त्या खोलीत त्यांना बसा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते बसले.

संध्याकाळी ठिपके पुन्हा उमटले. निघताना ती चुंबकाचं बटण पाठीआड झाकून उभी राहिली, उगाच केस बांधत. काकांनी दोन्ही हात खिशात घातले आणि तिच्यासमोरून बाहेर पडले.