गुलमोहरी दोर

मित्रांनो, मी एक जुना सुती दोर आहे आणि मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. दोरानं भ्यायचं नसतं, असं तुम्ही म्हणाल. लोक त्याच्या भरवशावर विहिरीत उतरतात. पण ज्याच्यावर भरवसा टाकला जातो, त्याच्याच पोटात सगळ्यात जास्त भीती असते. ती कुणाला दिसत नाही इतकंच.

माझा जन्म खानदेशातला. चोपड्याकडच्या कापसाचं सूत, तीन पेड आणि हातानं वळलेला घट्ट पीळ. माझे मालक लोटूआबा यंत्रमागाच्या कामाला सुरतेत आले, तेव्हा त्यांची वळकटी मीच आवळून धरली होती. पुढे मी खूप राबलो. लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर ओढून घेतलं, लग्नाचे मांडव ताणले, टेम्पोवर साड्यांचे गठ्ठे बांधले. "दोर हवा तर लोटूआबांचा घ्या, तो दगा देत नाही," असं गल्लीत म्हणत. दोराला छाती नसते, तरी माझी फुगायची.

माझा खरा सण मात्र वर्षातून एकदाच यायचा, आखाजीला. तुम्ही तिला अक्षय्य तृतीया म्हणता. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. सुरतेत आले म्हणून आमच्या लोकांनी ती रीत सोडली नाही. गल्लीच्या मागे, खाडीच्या काठाला बायकांनी एक बाग केली आहे. ऐन वैशाखात, रस्त्याचं डांबर पाघळत असतं तेव्हा तिथे मोगरा, चाफा, सदाफुली, बहावा असे सगळे फुललेले असतात. खाडीकडच्या कुंपणाजवळ एक कडुलिंब आहे. त्याच्या फांदीला मला बांधत, खाली फळी अडकवत आणि फुलांच्या गाण्यांचा डाव सुरू होई.

डाव साधा होता. खाली बसलेल्या बायका एका फुलाचं नाव घेत आणि झोक्यावरची बाई तिथल्या तिथे त्याच्यावर गाणं रची. जमलं तर झोका चालू, अडली की उतरायचं, आणि अडलीच नाही तर पंचानं हार मानायची. लोटूआबांच्या पत्नी उषाबाई या डावाच्या पंच. लोटूआबा गेल्यावरही त्यांनी ते पंचपद सोडलं नाही. त्यांचा एकच नियम होता, "दखेल फूलनंच गानं म्हन." म्हणजे जे फूल डोळ्यांनी पाहिलं, त्याचंच गाणं. मोगऱ्याला लाल म्हणणारी बाई कितीही गोड गायली तरी बाद होई. मला ही गाणी फार आवडायची. वर्षभर ओझी वाहून कंटाळलेला मी, त्या दिवशी एका ओळीसरशी पुढे जायचो आणि दुसरीसरशी मागे यायचो.

यंदा उषाबाईंची लेक चंचल बऱ्याच वर्षांनी आखाजीला येणार होती. तिचं सासर इच्छापोरला. तिच्यासारखं गाणं रचणारी गल्लीत दुसरी नाही. तिचा धाकटा भाऊ ललित पलसाण्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये कामाला आहे. बहिणीसाठी काहीतरी खास करावं असं त्याला वाटलं. मळून काळा पडलेला मी त्याच्या नजरेस पडलो आणि त्यानं मला पिशवीत घालून मिलमध्ये नेलं.

मित्रांनो, त्याच्या मायेत खोट नव्हती. चूक झाली ती सवयीनं. ललितच्या हाताखालून रोज हजारो साड्या जातात, पण त्या सगळ्या पॉलिस्टरच्या. ॲसिड त्यांचं काही बिघडवत नाही, सुताला मात्र ते खाऊन टाकतं. माझा मळ जाईना म्हणून त्यानं मला ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवलं, मग लाल रंगात उकळलं आणि तापलेल्या यंत्राजवळ वाळवलं. कापसाच्या मुलखातल्या पोराला सूत ओळखता आलं नाही. मी आतल्या आत करपत गेलो. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं माझं झालं. पीळ दिसायला शाबूत होता, सुंभ मात्र संपलं होतं.

घरी आल्यावर माझं केवढं कौतुक झालं! ललितची बायको वर्षा म्हणाली, "अगदी गुलमोहर दिसतोय." ललितनं आईला सांगितलं, "कलर पक्का शे, माय. धोवा तरी जावाव नई." रंग पक्का होता हे खरंच. माझ्या ताकदीबद्दल कुणी विचारलं नाही, कारण मी दगा देत नाही हे सगळ्यांना पाठ होतं.

आखाजीच्या दुपारी मला फांदीला बांधलं आणि माझी पाचावर धारण बसली. आधीच्या बायका जपून, हळू झोके घेऊन उतरल्या, तेवढ्यानंच माझं अंग कुरकुरायला लागलं. मग चंचल फळीवर उभी राहिली. तिचा झोका मोठा. तो बागेचं कुंपण ओलांडून थेट खाडीच्या दगडी भिंतीवर जातो. खाली पाणी नव्हतं, नुसते दगड होते. फांदीच्या गाठीशी माझी सुतं एकेक तुटायला लागली, आणि मला ओरडायला तोंड नव्हतं.

वर्षानं खालून फुलाचं नाव घेतलं, "बहावा!" चंचलनं क्षणभरही न थांबता सूर लावला,

"उन्हना आंगले, हयद लागनी,
बहावा फुलना, दुपार जागनी."

बायका खूश झाल्या. एरवी मीही झालो असतो. उन्हाच्या अंगाला हळद लागली, किती सुंदर! पण त्या दिवशी मी देवाला विनवत होतो, हिला पुढचं सुचू नये. हिनं अडावं, हरावं आणि उतरावं. जन्मभर ज्या गाण्यांवर जीव लावला, तीच मोडावीत म्हणून मी नवस बोलत होतो. इतका मी भ्यालो होतो.

"सदाफुली!" वर्षानं हाक दिली. चंचलनं झोका आणखी चढवला आणि आईकडे पाहत म्हणाली,

"पानी नई, सावली नई, तरी हासस,
सदाफुली माय व, तुनासारखी दिसस."

उषाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्याच वेळी माझा एक पेड तुटला. फळी जराशी कलली, पण चंचलला वाटलं वारा आला. तुटल्या पेडाचा लाल भुसा भुरभुरत खाली पडायला लागला. बायकांच्या केसांवर, मांडीवर, उषाबाईंच्या पांढऱ्या डोक्यावर. कुणीतरी म्हणालं, फुलं पडताहेत बघा. सगळ्या हसल्या. चंचलनं तेही लगेच गाण्यात गुंफलं,

"लिंबना खाले मी, झोका घेस,
लाल लाल फूल मना, आंगवर येस."

टाळ्या पडल्या. उषाबाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "लिंबले लाल फूल कधी येस व?" त्या म्हणाल्या आणि लेकीचं गाणं बाद करण्यासाठी पुरावा म्हणून त्यांनी मांडीवरचं ते फूल उचललं. बोटांत धरलं. ते फूल नव्हतं, सूत होतं, आणि बोटांत त्याची पूड झाली.

त्यांनी वर पाहिलं आणि माझा तुटका पेड त्यांना दिसला. मला वाटलं, आता या किंचाळणार, चंचल दचकणार, हिसका बसणार आणि सगळं संपणार. पण ती बाई किंचाळली नाही. वर्षाचा हात घट्ट धरून, रोजच्या आवाजात त्या म्हणाल्या, "मी हारनू, माय. तू जितनी. आते पाय हालवू नको, झोका आपोआप थांबू दे."

उषाबाई हरल्याचं गल्लीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. चंचलला इतका आनंद झाला की तिनं जाता जाता आणखी एक हेलकावा घेतला. माझा दुसरा पेड तुटला. आता उरला तो एकच, तोही अर्धा करपलेला. मी भिंतीवर गेलो, दगड पाहिले, परत आलो. पुन्हा गेलो, जरा कमी. चोपड्याच्या त्या कापसात जेवढा जीव उरला होता, तेवढा मी त्या पेडात गोळा केला. झोका मंदावला तशा सगळ्या बायकांनी मिळून फळी धरली आणि चंचलचे पाय मातीला लागले.

गल्लीतून धावत, घाम पुसत आलेल्या ललितनं मला एका हातानं हिसका दिला. मी सहज तुटून त्याच्या अंगावर पडलो. त्यानं माझं तुटकं टोक बोटांत चोळून पाहिलं. "ॲसिडमा टाकेल व्हता याले," तो म्हणाला.

उषाबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू रंग दखा, बेटा. दोर नई दखा. मीबी नई दखा."

चंचलनं खाडीच्या दगडांकडे पाहिलं. मग तिनं हळूच विचारलं, "म्हंजे मी जितनी नई का, माय?" उषाबाईंनी तिला कुशीत ओढलं. "जितनी," त्या म्हणाल्या, "पन लिंबनं गानं बाद."

मित्रांनो, पुढच्या आखाजीला नवा दोर येईल. तो बांधण्याआधी त्याला ओढून बघा, पिळून बघा, त्याच्यात काय आहे ते विचारा. नुसत्या नावलौकिकावर कुणाला टांगणीला लावू नका. माझा उरलेला तुकडा उषाबाईंनी खिडकीच्या गजाला मोगरा बांधायला वापरला आहे. फुलं हलकी असतात, तेवढा भार मला झेपतो. तरी कुणी पोर मला धरून खिडकीत चढू लागलं की माझा जीव अर्धा होतो. माझा रंग अजून उतरलेला नाही. येणारे जाणारे मला अजून सुंदर म्हणतात. म्हणूनच हात जोडून सांगतो, बाळांनो, मला धरू नका.